बाबांच्या गाडीचं तेल

गाडी पुन्हा गळली त्या दिवशी मी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा निघाला, पाना टप्पा खाऊन माझ्याच पायापाशी परत आला, आणि मी त्यालाही एक शिवी हासडली. घरात मला सगळे तोफ म्हणतात ते काही उगाच नाही. पण मला सांगा, ज्या इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग मी माझ्या हाताने बदललं, ज्याचं पुढचं ऑइल सील मी माझ्या हाताने बसवलं, ते इंजिन आता मागच्या बाजूने तेल ओकायला लागलं, तर मी काय टाळ्या वाजवायच्या?

आणि गिऱ्हाइकाची गाडी असती तर एक वेळ चाललं असतं. गाडी बाबांची होती.

जुनी, चौकोनी गाडी. मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. बाबा सुतार. आयुष्यभर ह्याच गाडीच्या टपावर फळ्या बांधून लोकांची कपाटं आणि दारं करायला गेले. आता कामं बंद आहेत, आणि गाडीलाही एकच काम उरलंय. रोज दुपारी बाबांना आईकडे पोचवायचं.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात आहे. झटका आला तेव्हापासून बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. गिळताना जपावं लागतं. तिथल्या नर्सबाई चांगल्या आहेत, पण त्यांच्या गळ्यात बाकीच्याही खाटा आहेत. त्या चमचा पुढे करतात आणि आई ओठ घट्ट मिटून घेते. खाते ती फक्त बाबांच्या हातून. ते वेळेवर पोचले तर वाटीभर सूप पोटात जातं, नाही पोचले तर तशीच झोपते. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय, वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालणार. नळीचं नाव काढलं की बाबांचा चेहरा बघवत नाही. तर आता कळलं ना, मी पाना का फेकला? गाडी माझ्या गॅरेजात जॅकवर लटकलेली, बाबा दोन बस बदलून धापा टाकत जाणार, पोचेपर्यंत सूप गार आणि आईचा डोळा लागलेला.

तेवढ्यात दादाचा फोन. बाबा त्याच्याकडे राहतात. माझा भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही. खोटं कशाला बोलू, म्हणते कधी कधी. नवीन घर बांधलं, घरापुढे पोर्च केलं, आणि पोर्चमध्ये घातली पांढरीशुभ्र फरशी. गाडी लावायच्या जागी पांढरी फरशी! वहिनीचा ह्यात काडीचा दोष नाही, ती बिचारी नकोच म्हणत होती. वेड दादाचं. कामावरून आला की आधी फरशी बघतो, मग माणसं.

"काय झालं? निघाली का गाडी?" त्याने विचारलं.

"नाही. मागून गळतेय."

"परत? तोफ, तू खरंच मेकॅनिक आहेस ना गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "हे बघ, मी एका भंगारवाल्याशी बोललोय. उद्या सकाळी मी येतो. तोवर सापडलं तर ठीक, नाही तर घेऊन जाऊ दे त्याला. बाबांना मी नेत जाईन ना दर रविवारी."

"आई काय फक्त रविवारी जेवते का रे?"

"उद्या बोलू," म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मी मात्र हातात फोन धरून एकटीच त्याला बडबडत राहिले. पलीकडे कोणी नसताना मला फार चांगले मुद्दे सुचतात.

मागचं सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. म्हणजे आणखी काही दिवस गाडी गेली. बरं, ते बदलूनही गळणार नाही ह्याची काय खात्री? आधी वरून गळत होतं, ते बंद केलं. मग पुढून सुरू झालं, ते बंद केलं. आता मागून. एखादं हट्टी पोर हाताला धरून ठेवलं की पायाने लाथा झाडतं, तसं चाललं होतं.

सकाळी मी ठरवलं, अंदाज बास झाले. पहिल्यापासून सुरुवात करायची. डिझेल आणि ब्रश घेऊन अख्खं इंजिन धुतलं. वरून, खालून, तेलाच्या चेंबरच्या खालच्या अंगाने, जिथे हात जात नाही तिथे बोटाला फडकं गुंडाळून. हवा मारून कोरडं केलं. मग अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेतला आणि इंजिनावर उपडा केला. हसायचं काम नाही. पावडरवर तेलाचा ओघळ कुठून निघतो ते स्पष्ट दिसतं. सगळं इंजिन पांढरं झालं आणि गॅरेजात एखाद्या नुकत्याच न्हायलेल्या बाळाचा वास सुटला.

बाबा तोवर आले होते. बसला अजून अवकाश होता, म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. गाडी इथे आल्यापासून रोज येत होते, बसत होते, आणि एक अक्षर बोलत नव्हते. त्यावर माझा वेगळाच राग होता. एरवी खुर्चीचा पाय डुगडुगला तरी सतरा सूचना करणारा माणूस, आपल्या गाडीपुढे असा मूग गिळून बसतो?

"बाबा, खरं सांगा," मी बोनेटखालून डोकं काढून विचारलं. "इथे आणायच्या आधी गाडी कोणाला दाखवली होतीत? कोणी हात लावला का?"

"नाही."

"तुम्ही काही केलंत?"

"मी सुतार आहे. मला इंजिनातलं काय कळतं?" असं म्हणून ते दाराबाहेर बघायला लागले.

मी इंजिन सुरू केलं आणि टॉर्च घेऊन खाली सरपटले. जरा वेळ काही नाही. मग मागच्या बाजूला पावडर ओली झाली. ठीक, अपेक्षितच होतं. पण मग चेंबरच्या पॅकिंगला डावीकडे घाम फुटला. मग उजवीकडे. मी पुढे सरकून बघते तर काय, परवा बसवलेलं माझं नवंकोरं सील, तेही ओलं! नवं सील! मी तिथेच पडल्या पडल्या इतक्या जोरात ओरडले की बाबा स्टुलावरून उठले.

"काय झालं? लागलं का?"

"लागलं नाही, डोकं फिरलंय माझं!"

पण ओरडून झालं आणि डोकं एकदम चालायला लागलं. एका जागेवरून गळलं तर ती जागा गेली. सगळ्या जागांवरून गळतंय तर जागांचा दोष नाही. आतून काहीतरी तेलाला बाहेर ढकलतंय. मी बाहेर आले आणि इंजिन चालू असतानाच वरचं तेलाचं झाकण फिरवलं. फस्स! गरम, काळा धूर सरळ माझ्या तोंडावर. पलीकडे तेल मोजायची डिपस्टिक बघितली, तर ती आपल्या जागेवरून बोटभर वर उचलली गेली होती.

इंजिन गुदमरलं होतं.

जुन्या इंजिनाच्या पोटात धूर साठतो. तो बाहेर पडावा म्हणून एक पाइप असतो, ब्रीदर म्हणतात त्याला. इंजिनाच्या मागून निघतो, खाली येतो आणि गाडीखाली मोकळा सुटतो. इंजिन म्हातारं झालं की धुराबरोबर त्यातून चार दोन थेंब तेलही पडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. गाडी गॅरेजात आली त्याच दिवशी मी तो पाइप बघितला होता. बाहेरून बोट फिरवलं तर ठणठणीत कोरडा. बरं वाटलं मला! एवढ्या जुन्या इंजिनाचा ब्रीदर कोरडा, आणि मला बरं वाटलं! तेव्हाच माझ्या कानाखाली कोणीतरी वाजवायला हवी होती.

इंजिन बंद केलं, पुन्हा खाली गेले, पाइपाचं तोंड वाकवून आत टॉर्च मारला. आत काळंच दिसलं. पण स्क्रूड्रायव्हर घातला तर टक् आवाज आला. लाकडाचा.

पक्कड लावून ओढलं, निघेना. पिळून ओढलं, निघेना. शेवटी पाइपच सोडवून हातात घेतला, मागच्या बाजूने सळई घातली आणि हातोडीने ठोकलं, तेव्हा ती टक्कन जमिनीवर पडली. खुंटी. निमुळती, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेली, दिसू नये म्हणून टोकाला काळा रंग दिलेली, आणि पाइपात अशी चपखल बसवलेली की आतला एवढा दाब तिला हलवू शकला नव्हता. दुसऱ्या कोणी फडक्याचा बोळा कोंबला असता तर तो पहिल्याच दिवशी उडून गेला असता आणि इंजिन वाचलं असतं. पण आमच्या बाबांनी जन्मात एक खुंटी ढिली ठोकलेली नाही.

मी ती त्यांच्यापुढे धरली.

"सुतार आहात, इंजिनातलं कळत नाही. मग हे काय आहे?"

ते खुंटीकडे बघत म्हणाले, "थेंब तिथूनच पडत होते. मी खाली आरसा ठेवून बघितलं होतं."

"मला विचारायचं नाही? पोरगी गॅरेज चालवते तुमची! ह्यासाठी मी रोज गाडीखाली लोळतेय? ह्यासाठी दादाची बोलणी खातेय?"

"बूच मारल्यावर थांबलं होतं गं. फरशीवर एक डाग नाही. दादा खूश होता. मग दुसरीकडून यायला लागलं."

"मग काढायची होती ना ती!"

"काढली असती तर परत तिथून पडलं असतं."

ह्यावर काय बोलणार? मी बोलले अर्थात. खूप बोलले. आईचं जेवण चुकतंय ते दिसत नव्हतं का, रोज स्टुलावर बसून माझी फजिती बघताना तोंड शिवलं होतं का, असं वाट्टेल ते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो म्हणाला होता, आणखी एक डाग पडला तर ही गाडी इथे नको," ते शेवटी म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू त्याच्याशी भांडली असतीस."

"भांडलेच असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं. भांडून तू तुझ्या घरी जातेस. मला तिथेच राहायचं असतं."

मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं की मला दुप्पट राग येतो. त्याच वेळी दारात दादाची गाडी थांबली. आला बिचारा, इस्त्रीचा शर्ट घालून, तेलात पाय पडू नये म्हणून उड्या मारत.

"सापडलं का काही?"

"सापडलं," मी म्हटलं आणि खुंटी त्याच्या तळहातावर ठेवली. काळं तेल लागलं त्याच्या शर्टाच्या बाहीला. लागू दे. "ही घे. तुझ्या फरशीची देखभाल."

त्याला आधी काही कळेना. मी सांगितलं. सगळं सांगितलं, आवाज चढवून, शेजारच्या दुकानातले दोघं डोकावून गेले इतका. तो लाल झाला.

"बाबा, मी सहज बोललो होतो."

"सहज? अरे, ह्या वयात माणूस तुझ्या भीतीने गाडीखाली झोपून बुचं ठोकतोय, आणि तू सहज बोलतोस?"

"तू मध्ये पडू नकोस. आणि हे बघ, मी म्हणतो ते हेच. वय झालं की माणूस असं काहीतरी करून बसतो. उद्या ब्रेकला काही केलं म्हणजे? म्हणूनच गाडी नको."

"गाडी नको की थेंब नको, एकदाचं ठरव! आणि आईच्या तोंडात घास कोण घालणार, तुझा भंगारवाला?"

"मला काय आईची काळजी नाही?"

"शेवटचा कधी गेला होतास?"

"तू कधी गेली होतीस?"

आम्ही एकमेकांच्या अंगावर आलो होतो, लहानपणी एका सायकलवरून यायचो तसे. बाबा उठले. पिशवी खांद्याला लावली.

"तुमचं चालू द्या," ते म्हणाले. "माझी बस जाईल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. मी पाइप उचलला, मोकळा, आरपार, जागेवर बसवला. तेलाची पातळी बघितली, बोनेट धाडकन आपटलं, इंजिन सुरू केलं. आता गळेल थोडं, पॅकिंगांना बराच मार बसलाय, पण शहराच्या त्या टोकाला जाऊन यायला काही अडचण नव्हती.

"बसा बाबा. तू पण बस."

"मला ऑफिस आहे," दादा म्हणाला.

"बस म्हणते ना!"

बसला. मागचं दार मी दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा उगाचच.

वेळेवर पोचलो. आई उशांना टेकून बसलेली होती, डोळे दाराकडे. बाबांना बघून तिच्या तोंडाची एक बाजू हलली. नर्सबाईंनी सूपची वाटी आणून ठेवली आणि आम्हा दोघांना बघून म्हणाल्या, "अरे वा, आज सगळेच!" दादाने मान खाली घातली. मीही.

बाबांनी तिच्या गळ्याखाली नॅपकिन खोचला आणि बोलायला सुरुवात केली. रोज बोलतात म्हणे, नर्सबाई सांगत होत्या. "गाडी एकदम झकास झाली बरं का. पोरीने केली. आणि घरी सगळं छान आहे. दादाने फरशी काय सुंदर घातलीय, तू बघशील तेव्हा म्हणशील. माझी किती काळजी घेतो. तू फक्त लवकर बरी हो."

एक खोटा शब्द, एक चमचा. असं तो माणूस तिला रोज जेवू घालत होता. मी दादाकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिथेच त्याची गचांडी धरली असती.

पण बाबांचा हात आज स्थिर राहत नव्हता. सूप नॅपकिनवर सांडलं, परत सांडलं. सकाळपासूनचं सगळं त्या हातात उतरलं होतं. ते थांबले आणि चमचा माझ्यापुढे केला. "तू बघ जरा."

मी बसले. चमचा भरला, फुंकला, तिच्या ओठांशी नेला. आईने ओठ मिटले. "आई, घे ना." नाही. "थोडंसं." तिने मान दुसरीकडे वळवली.

"तू रागात आहेस," बाबा हळूच म्हणाले.

"मी हसतेय की!"

"हात रागात आहे. तिला कळतं ते."

मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. जिच्यासाठी मी त्या इंजिनाशी झटले, भावाशी भांडले, बापाला नको ते बोलले, ती माझ्या हातचा एक चमचा घेईना. मी वाटी टेबलावर ठेवली आणि उठून खिडकीशी गेले.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून बघते तर दादा तिथे बसला होता. बाहीला तो काळा डाग, डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक पुसायचंही भान नाही, आणि हातात अर्धवट भरलेला चमचा, धड सरळही धरलेला नाही. नुसता चमचा धरून थांबला होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

आणि तिने तोंड उघडलं.

त्याच्या हातून! पांढऱ्या फरशीवाल्याच्या हातून! मला इतका संताप आला की खिडकीचा गज मी दोन्ही हातांनी धरला. हा कुठला न्याय? आणि त्याच वेळी मी मनात मोजत होते, गिळलं, आता दुसरा, गिळलं, आता तिसरा, सावकाश रे गाढवा, सावकाश.

"जमतंय त्याला," बाबा म्हणाले. "मग मी जरा टेकतो." कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि वाटी अर्धी व्हायच्या आत झोपले. चपलाही काढल्या नव्हत्या. आई आजारी पडल्यापासून मी त्यांना दुपारी झोपलेलं बघितलं नव्हतं.

वाटी संपली. दादाने नॅपकिनने आईचं तोंड पुसलं, मग त्याच नॅपकिनने स्वतःचं. बाबांना जाग येऊ नये म्हणून दबक्या आवाजात त्याने मला विचारलं, "उद्या किती वाजता यायचं असतं?"

जिभेवर किती काय काय आलं होतं. इतके दिवस वेळ विचारायला तुला काय झालं होतं, इथपासून ते त्या भंगारवाल्यापर्यंत. पण आई माझ्या हाताकडे बघत होती. मी मुठी सोडल्या.

"बाराला," मी म्हटलं. "आणि तिने तोंड उघडेपर्यंत थांबायचं. घाई करायची नाही."

एवढं शांतपणे बोलायला मला किती कष्ट पडले, ते माझं मला माहीत.